नऊ दिवसांचा तक्ता

शहागड, १७ नोव्हेंबर

अक्षता,

जय भीम.

हे पत्र टपालाने पाठवतो आहे, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस आणि रविवारी गोजरमावशींच्या मोबाइलवर तुझा फोन येतो तो पोरांसाठी असतो. फोन वाजला की मी बाहेर पायरीवर जाऊन बसतो. तसं कुणी ठरवून दिलेलं नाही. तुझा आवाज दारातून ऐकू येतो, शब्द येत नाहीत.

तू कामाला आहेस त्या वृद्धाश्रमाचा पत्ता करारनाम्यावरून उतरवून घेतला आणि चार वेळा ताडून पाहिला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "जपान? माझ्या हातून तर एकबी गेलं न्हाई आजपस्तोर." मी म्हणालो, आता जाईल.

आत्या गेल्या, तुझी आई गेली, आणि ते मी तुला अकरा दिवस कळू दिलं नाही. त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन. या पत्रात फक्त कागदांचं आहे.

मे महिन्यात, विशाखाच्या शाळेला सुट्टी लागल्यावर, पोरांना घेऊन फुकुओकाला यावं असं माझ्या मनात आहे. नऊ दिवस. तुझ्या व्हिसावर कुटुंबाला तिथे ठेवून घेता येत नाही, पण भेटायला येता येतं, हे मी नीट विचारून घेतलं आहे. तिकीट, फोटो, पोरांचे पासपोर्ट हे सगळं मी करतो. तुझ्याकडून निमंत्रणाचं पत्र आणि येणाऱ्यांच्या नावांची यादी लागते, दोन्हीवर तुझी सही. ते आल्याशिवाय मुंबईला अर्जच घेत नाहीत. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. हे दडपण आणण्यासाठी लिहीत नाही, नियम आहे म्हणून लिहितो.

मी पुण्याच्या एका जोडप्याचा व्हिडिओ पाहिला. लहान पोरं घेऊन ते फुकुओकात फिरले. विमानतळापासून हाकाता स्टेशन मेट्रोने फक्त दोन स्टेशनं. जिथे जिना तिथे लिफ्ट. रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही. तिथली लहान मुलं रस्ता ओलांडताना हात वर करतात, म्हणून मी विशाखालाही तसं शिकवलं. परवा हायवेच्या कडेला तिने हात वर केला तर एक ट्रकवाला थांबला. "कुठं जायचं गं बाई?" विशाखा म्हणाली, "फुकुओका." तो म्हणाला, "मी बीडपर्यंतच चाललो."

हे ऐकून तू हसली असतीस, असं मला वाटलं.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. अंगणवाडीत बाईंनी सुमेधला विचारलं, "तुझी आई कुठं हाय रे?" तो म्हणाला, "फळीवर." रविवारी आपण मोबाइल फळीवर डब्याला टेकवून ठेवतो ना, म्हणून.

कागद पाठव.

राजानंद

---

शहागड, ७ डिसेंबर

अक्षता,

जय भीम. पत्र मिळालं की नाही ते कळलं नाही. पोस्टातल्या बाई म्हणतात, "पाठवलं तर पोचतंयच." मी रोज विचारतो म्हणून त्या आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतात.

वेगळं पत्र लिहीन म्हणालो होतो, ते हे.

आपलं दुकान तुला माहीत आहे. फ्लेक्स तयार झाला की त्याचा फोटो दुकानाच्या मोबाइलवर स्टेटसला टाकायचा, हा राधेश्याम शेठचा नियम. वाढदिवस असो, उद्घाटन असो, श्रद्धांजली असो. दिवसाला पाच-सहा होतात. सात वर्षं मी हेच करतो आहे, त्यामुळे हात आपोआप चालतो.

आत्यांच्या पुण्यानुमोदनाचा बॅनर मीच बसवला. दुसऱ्या कुणाला करू दिला नाही, कारण लोक 'पुण्यानुमोदन' चुकीचं लिहितात. फोटो स्वच्छ केला, नाव लावलं, खाली 'शोकाकुल' लिहिलं. मुलगी म्हणून तुझं नाव सगळ्यांत आधी घेतलं. ते तसंच घ्यावं लागतं. छापून झाल्यावर फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. गावात घरोघर फिरून मी सांगितलं होतं की अक्षताला कुणी कळवू नका, तिची परीक्षा आहे. आणि दुकानाच्या मोबाइलवर तुझा नंबर आहे हे मला आठवलं नाही. चाळीस मिनिटांनी आठवलं तेव्हा काढून टाकलं. पाहणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव होतं.

आईच्या शोकात असलेल्यांमध्ये तू तुझं स्वतःचं नाव वाचलंस. कामाच्या मधल्या सुट्टीत, परक्या देशात. हे मी रोज डोळ्यांपुढे आणतो. आणायचं नाही म्हटलं तरी येतं.

का लपवलं ते तुला ठाऊक आहे. वॉर्डावर घेण्याआधीची तुमच्या संस्थेची परीक्षा दोन टप्प्यांत होती, एक लगेच दुसऱ्या दिवशी आणि दुसरी दहा दिवसांनी. एजंट म्हणाला होता, पहिल्या तीन महिन्यांत जी परत येते तिला पुन्हा घेत नाहीत. तू आली असतीस. मी तुझं भलं पाहिलं.

काल विहारात कार्यक्रम झाला. मी तथागतांच्या महापरिनिर्वाणाचं मोठं चित्र छापून दिलं होतं, उजव्या कुशीवर पहुडलेलं. सुमेध खूप वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "झोपल्यात का?" मी चित्राची दोरी घट्ट करायला वळलो. मावशी शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "झोपले न्हाईत रे बाळा, गेले. झोपलेलं माणूस उठतंय." आणि हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुमच्या फुकुओकाजवळ सासागुरीला असाच पहुडलेला मोठा बुद्ध आहे, ब्राँझचा. आत्यांना तो पाहायचा होता. मी मोबाइलवर दाखवला तेव्हा म्हणाल्या होत्या, "अक्षीनं पगार घेतला की मला न्हेईल." श्रीलंकेच्या सहलीसाठी म्हणून आत्या आणि मावशी, दोघी बहिणींनी पासपोर्ट काढले होते, ती सहल कोरोनात बुडाली. आत्यांचा पासपोर्ट ट्रंकेत कोरा आहे.

कागद पाठव.

राजानंद

---

शहागड, १२ जानेवारी

अक्षता,

रविवारी फोन झाल्यावर विशाखा पायरीवर आली आणि म्हणाली, "पप्पा, आईनं इचारलंय, आजी शेवटाला काय बोलली." मी म्हणालो, "आईला सांग, आजी झोपेतच गेली. काही बोलली नाही." ती आत जाऊन सांगून आली. परत येऊन म्हणाली, "आईनं ऐकलं. मंग फोन बंद झाला."

तेच इथे लिहूनही देतो. आत्या झोपेत गेल्या. त्रास झाला नाही.

आता तक्त्याचं. अर्जाबरोबर दिवसवार तक्ता द्यावा लागतो, कोणत्या दिवशी कुठे जाणार आणि कुठे राहणार. तुझे कागद आले नाहीत तरी मी तक्ता करून ठेवला आहे, म्हणजे आयत्या वेळी घाई नको. पोरं लहान, म्हणून एका दिवशी एकच ठिकाण धरलं. पहिला दिवस नुसता झोपेचा, कारण तिथली वेळ साडेतीन तास पुढे. दुसऱ्या दिवशी ओहोरी बाग. मध्ये मोठं तळं आहे आणि हंसाच्या आकाराच्या नावा आहेत, पायाने चालवायच्या. सुमेधचे पाय पोहोचणार नाहीत, तो मधे बसेल. तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय. चौथ्या दिवशी सासागुरीचा बुद्ध, हाकाताहून छोट्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. तिथे शांत राहावं लागतं, म्हणून पोरांना आधी खाऊ घालून न्यायचं. पाचव्या दिवशी तुझी सुट्टी असेल असं धरून मी 'आईबरोबर' एवढंच लिहिलं आहे. बाकीच्या दिवशी तू कामावरून आल्यावर संध्याकाळी.

घरी सराव चालू आहे. दारात चपला काढून टोक बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या. जिन्यावर, गाडीत मोठ्याने बोलायचं नाही. गुरुवारी मंठ्याला लग्नाला एसटीने गेलो, तेव्हा पोरांना म्हणालो की ही मेट्रो आहे असं समजा. दोघं रांगेत उभी राहिली, आधी उतरणाऱ्यांना उतरू दिलं. तेवढ्यात मागून सगळे चढले, आणि आम्हाला उभ्याने जावं लागलं. मावशी गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घ्या, जपान! ह्याच्यापायी माझे गुडघे गेले."

शेठही चिडवतात. "राजू, तिकडं उतरल्यावर हार्दिक स्वागताचा फ्लेक्स लावू का तुझा? चार बाय सहा?" मी हसतो. ते वाईट नाहीत. मे महिन्यात रजा देतो म्हणाले आहेत.

दहावीत दोनदा नापास झालेला माणूस विमानाने जाईल का, असं कुणी म्हणत नाही, पण मला ते ऐकू येतं. म्हणून मी सगळं दोनदा तपासतो.

कागद अजून आले नाहीत.

राजानंद

---

शहागड, २ मार्च

अक्षता,

तुझं पाकीट काल मिळालं. पोस्टातल्या बाई स्वतः दुकानात घेऊन आल्या, "आलं बाबा तुझं जपान" म्हणाल्या. शेठनी चहा मागवला. मी पाकीट कैचीने कापलं, तिकिटाला धक्का लागू दिला नाही. ते विशाखाला ठेवायचं आहे.

निमंत्रणाचं पत्र बरोबर आहे. नावांची यादी मी वाचली. विशाखा, सुमेध आणि गोजरबाई. तीनच नावं आहेत. जन्मतारखा बरोबर आहेत. पहिल्यांदा वाटलं की दुसरं पान राहिलं असेल, म्हणून पाकीट उलटं करून पाहिलं.

शेठनी विचारलं, "काय रे, बराबर हाय ना सगळं?" मी म्हणालो, बराबर आहे.

तू लिहिलेली चिठ्ठी एका ओळीची आहे. 'मावशीचा पासपोर्ट आहे, तिलाच पाठवा.' मला 'पाठवा' लिहिलं आहेस. लग्न झाल्यापासून तू मला अहो-जाहो कधी केलं नव्हतंस.

मावशींना सांगितलं तर त्या पीठ मळता मळता थांबल्या. "मला? मी संभाजीनगरच्या पुढं एकदा नागपूर पाहिलंय, दीक्षाभूमी. अन् तू मला पोरं घिऊन समुद्रापार धाडून राह्यला?" मी म्हणालो, मी सगळं लिहून देईन. कुठे उभं राहायचं, कुठला कागद कधी दाखवायचा, सगळं. त्या म्हणाल्या, "लिहिलेलं वाचता याया पायजे ना मला." मग मी म्हणालो, चित्रं काढून देईन.

नंतर, पोरं खेळायला गेल्यावर, त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"राजा, तिनं मला का बोलावलं ते तुला कळतंय का?"

"तुमच्याकडे पासपोर्ट आहे म्हणून."

"येडा हायेस. त्या दिवशी त्या घरात दोनच मोठी माणसं होती. एक तू अन् एक मी. तिला इचारायचंय." मी तक्त्याची घडी घालू लागलो. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या भाकरी थापते, तुझं वाईट चिंतत न्हाई. पण तिथं गेल्यावर तिनं तोंडासमोर इचारलं, तर मी खोटं बोलणार न्हाई. माझी बहीण व्हती ती. तू आधी सांग. तुझ्या हातानं सांग."

मी तक्त्यातलं माझं नाव खोडून त्यांचं घातलं आणि नवीन प्रत काढली. पोरांना पाठवायला माझी हरकत नाही, असं संमतीपत्रही लिहिलं आहे. त्यावर सही करायला वेळ लागला, पण केली आहे.

राजानंद

---

शहागड, ९ मे

अक्षता,

हे पत्र टपालाने येणार नाही. मावशींच्या पिशवीत, पासपोर्टच्या कप्प्यात ठेवतो आहे. त्या ते तुझ्या हातात देतील. पोरांना आधी भेट, मग वाच.

व्हिसा झाले. उद्या सकाळच्या एसटीने संभाजीनगर, तिथून रेल्वेने मुंबई. विमानतळाच्या दारापर्यंत मी बरोबर आहे. पुढे मावशी. बँकॉकला विमान बदलायचं आहे, तिथे चाकाच्या खुर्चीची मदत मागून ठेवली आहे. गुडघ्यांचं कारण खरं आहे. मावशींची चित्रवही तयार आहे. शेवटच्या पानावर मी तुझं चित्र काढलं आहे, ते जमलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

आत्या झोपेत गेल्या नाहीत.

तेवीस जुलैला त्यांच्या तापाचा तिसरा दिवस होता. सकाळी डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि उतार पडला नाही तर उद्या संभाजीनगरला हलवा म्हणाले. दुपारी अडीच वाजता त्यांनी मला हाक मारली. "राजा, अक्षीला फोन लाव. मला तिला बघायचंय." तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी परीक्षा होती. त्यांचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. मला वाटलं, तू हे पाहिलंस तर रात्रभर जागशील. मी म्हणालो, "आत्या, उद्या लावू. तिचा पेपर झाला की लगेच लावतो." त्या म्हणाल्या, "बरं. उद्या तर उद्या."

मोबाइल माझ्या खिशात होता.

चार वाजता त्यांनी पुन्हा विचारलं. "उद्या झाला का रे?" मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसलो. त्याही हसल्या. मावशी म्हणाल्या, "लाव की रे, दोन मिन्टं." मी म्हणालो, "उद्या म्हटलं ना." आवाज चढवून म्हणालो. त्यानंतर आत्यांनी विचारलं नाही. त्या फळीकडे बघत पडून राहिल्या. सव्वापाचला गेल्या. डोळे उघडे होते, मावशींनी मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. आम्ही स्मशानातून येऊन तासही झाला नव्हता, माझे केस ओले होते. तू म्हणालीस, "पेपर मस्त गेला! आई कुठंय?" मी म्हणालो, "झोपल्यात." तू म्हणालीस, "मग उठवू नको." त्यानंतर अकरा दिवस मी कधी झोपल्यात म्हणालो, कधी विहारात गेल्यात, कधी मंठ्याला. बहुतेक वेळा झोपल्यात म्हणालो. ते सोपं होतं.

तुझं भलं पाहिलं, असं मी डिसेंबरात लिहिलं. ते अर्धं खरं आहे. खरी बातमी सांगितली असती तर तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, की आई काय म्हणाली. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. म्हणून मी बातमीच लपवली. परीक्षा नसती तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

त्या तुला बघायचंय म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. तुला जे हवं होतं ते एवढंच आहे आणि ते मी दहा महिने माझ्याकडे ठेवून घेतलं.

आत्यांचा पासपोर्टही पाठवतो आहे. चौथ्या दिवशी बुद्धाकडे जाल तेव्हा बरोबर असू दे. सुमेध तिथेही विचारेल, झोपल्यात का. तू त्याला खरं सांग. मला जमलं नाही.

पोरांचं थोडं. विशाखाला गाडी लागते, खिडकीशी बसव. ती रस्त्यात हात वर करेल, तिला हसू नका, तिने फार सराव केला आहे. सुमेधला मी सांगितलं आहे की आई आता फळीवर नाही, खरीखुरी भेटणार आहे. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "तिला पाय हाईत?" त्याने तुला वर्षभर खांद्यापर्यंतच पाहिलं आहे. म्हणून विमानतळावर लगेच खाली बसून त्याला जवळ घेऊ नकोस. आधी थोडी लांब उभी राहा. त्याला तू पुरती दिसू दे. मग तो येईल.

तक्त्यात माझं नाव नाही, म्हणून इथला माझा तक्ता करून पाहिला. पहिल्या दिवशी मुंबईहून परत. दुसऱ्या दिवशी घर पुसणे, पोरांचे कपडे धुणे. तिसऱ्या दिवशी दुकान. चौथ्या दिवशी दुकान. त्यापुढे काही सुचलं नाही, रकाने मोकळे ठेवले आहेत.

माझा नंबर सुरू कर, असं म्हणत नाही. मी मावशींच्या मोबाइलवर फोन करीन. करणार नाही असा शब्द दिला तर तोही खोटा होईल. दुपारी साडेतीनला करीन, तेव्हा तुमच्याकडे सात वाजलेले असतील. या वेळी मी आत बसेन, फळीसमोर. तू उचललास आणि पोरांशी बोलू द्यावंसं वाटलं नाही, तर पोरं झोपली आहेत असं म्हण.

मी खरं मानीन.

राजानंद